टाकीतला उजेड मोजताना

एलईडी दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात: वॉट, लुमेन आणि केल्विन. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवेल असा एकूण प्रकाश दिव्यातून किती बाहेर पडतो. केल्विन म्हणजे उजेडाची छटा, पिवळसर की निळसर. पण घरातल्या अ‍ॅक्वेरियममध्ये, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या काचेच्या टाकीत, तळाशी डाव्या कोपऱ्यात असलेल्या बोटभर रोपापर्यंत त्यातलं किती पोहोचतं, हे यांतला एकही आकडा सांगत नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

माझी टाकी तीन फुटी आहे. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीपासून हातभर अंतरावर ती ठेवलेली आहे. वर ४५ वॉटची पांढरी एलईडी पट्टी, उजेड कमी-जास्त करता येणारी. पुढच्या बाजूला मोंटे कार्लो या जमिनीलगत पसरणाऱ्या बारीक पानांच्या रोपाचा गालिचा करायचा होता, मागे रोटाला ही उभ्या दांड्यांची रोपं, मध्ये ओंडका आणि त्यावर अनुबियास हे जाड पानांचं रोप. खत तेच, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तोच, माती तीच. तरी मध्यभागी मोंटे कार्लो जमिनीला चिकटून पसरत होतं आणि दोन्ही कोपऱ्यांत तेच रोप मान वर काढून लांब दांड्यांनी उभं राहत होतं. ओंडक्यावरच्या अनुबियासच्या पानांच्या कडांना मात्र काळं केसाळ शेवाळ धरलं होतं. म्हणजे एकाच टाकीत एका रोपाला उजेड कमी पडतोय आणि दुसऱ्याला जास्त होतोय, असं दिसत होतं.

यावर सल्ले भरपूर मिळाले. माशांच्या दुकानातले काका म्हणाले, "साहेब, दुसरी पट्टी लावा, गालिचा महिन्यात भरेल." एका जुन्या जाणत्या शौकिनाने गॅलनमागे वॉट किती ते विचारलं. हा हिशोब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. तेव्हा सगळ्या नळ्या साधारण सारख्याच कार्यक्षमतेच्या असत, म्हणून वॉटवरून उजेडाचा अंदाज बांधता यायचा. एलईडीमध्ये तेवढ्याच वॉटमध्ये एक दिवा दुसऱ्याच्या दुप्पटही उजेड देऊ शकतो, त्यामुळे तो हिशोब आता चालत नाही.

डोळ्यांवरही इथे भरवसा ठेवता येत नाही. उजेड निम्मा झाला तरी बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो आणि आपल्याला फरक जेमतेम जाणवतो. मी पट्टी शंभर टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणून घरच्यांना विचारलं, तर कोणालाच काही बदललेलं दिसलं नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याचंही तेच. तो आपणहून चित्र उजळ करून घेतो.

म्हणून मोजायचं ठरवलं. सुरुवात मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपपासून केली, कारण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये वरच्या बाजूला उजेड ओळखणारा सेन्सर असतोच. माझा आणि बायकोचा असे दोन फोन एकाच जागी शेजारी शेजारी ठेवले. दोघांच्या आकड्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त तफावत आली. शिवाय फोन जरासा तिरका झाला की आकडा धाडकन पडायचा. तिरपा येणारा उजेड तो नीट धरतच नाही. फोन एकच असेल आणि तो दर वेळी तसाच सपाट ठेवला, तर "इथे जास्त, तिथे कमी" एवढं तो सांगतो. पण खरा आकडा हवा असेल, तर पांढऱ्या घुमटीचा लक्स मीटर लागतो. ती घुमटी तिरपा उजेडही योग्य प्रमाणात मोजून घेते.

असा मीटर मी तपकीर गल्लीतून आणला. साधाच, फोटो स्टुडिओवाले आणि इलेक्ट्रिकचे कंत्राटदार वापरतात तसला. दुकानदाराने काउंटरवरच्या ट्यूबखाली धरून दाखवला, मीही माझ्या फोनशी ताडून पाहिला आणि घेतला.

इथे लक्सबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण खरी गफलत इथेच होते. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन, म्हणजे तेही माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडाला सर्वांत संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड तेवढ्याच शक्तीचा असला, तरी डोळ्याला तो हिरव्याच्या जेमतेम चार टक्के जाणवतो. ६६० नॅनोमीटरचा लाल सुमारे सहा टक्के. रोपाचं गणित वेगळं आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला जवळपास सगळा उजेड ते प्रकाशसंश्लेषणाला वापरतं, हिरवासुद्धा. के. जे. मॅक्री यांनी १९७२ साली २२ जातींच्या पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात तपासून हे आलेख प्रसिद्ध केले होते. म्हणून रोपांसाठी या पट्ट्यातले प्रकाशकण मोजतात. दर चौरस मीटरवर, दर सेकंदाला किती मायक्रोमोल कण पडले, हा तो आकडा. (मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग.) छंदातले लोक त्याला नुसतं 'पार' म्हणतात. पार मोजणारा मीटर महाग असतो आणि लक्स मीटर त्याच्या कितीतरी पट स्वस्त, त्यामुळे मधला मार्ग म्हणजे लक्सला एका ठरावीक आकड्याने भागायचं. सूर्यप्रकाशासाठी तो आकडा ५४ च्या आसपास आहे. पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ६० ते ७५, छटेप्रमाणे बदलणारा.

टाकीची मांडणी नव्याने करायची होतीच, तेव्हा ती रिकामी असतानाच पहिली मोजणी उरकून घ्यायची ठरलं. अकरावीत असलेली भाची सुट्टीला आली होती. तिने तळावर मार्किंग टेपने १५-१५ सेंटिमीटरचे चौकोन आखले, लांबीत सहा आणि रुंदीत तीन. रात्री हॉलचे दिवे बंद केले, खिडकीवर जाड चादर टाकली आणि पट्टी अर्धा तास आधी लावून ठेवली. एलईडी तापल्यावर तिचा उजेड किंचित उतरतो, म्हणून हे थांबणं गरजेचं. मग प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर मीटर सपाट ठेवायचा, हात आणि डोकं बाजूला घ्यायचं, आकडा स्थिर झाला की मी सांगायचा आणि तिने आलेखाच्या कागदावर लिहायचा. पांढरा शर्ट घालून मी टाकीत वाकलो, तेव्हा आकडा चढायचा. शर्टावरून परतलेला उजेडही मीटर मोजत होता. काळा टी-शर्ट घालून पुन्हा सुरुवात केली.

मध्यभागी २,६०० लक्स आणि कोपऱ्यांत ७०० आले. कागदाकडे पाहून भाची म्हणाली, "मामा, हे तर पाव हिस्साच झालं की! डोळ्याला तर दोन्हीकडे सारखंच दिसतंय." तेच तर मोजण्याचं कारण होतं.

पण रिकाम्या टाकीचा नकाशा भरल्या टाकीला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि हा भाग मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटला. लक्स मीटर पाण्यात घालता येत नाही, म्हणून एक छोटा सेन्सर तयार केला. बीएच१७५० नावाची बोटाच्या पेराएवढी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. ती थेट लक्समध्ये आकडा देते, ६५ हजारांपर्यंत. स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी डबी घेतली, तळाशी वजनासाठी शिशाची पट्टी, त्यावर सेन्सर आडवा चिकटवला, चार तारा बाजूच्या भोकातून बाहेर काढल्या आणि भोक टाकीच्याच सिलिकॉनने बुजवून एक दिवस वाळू दिलं. आधी नुसता टिश्यू पेपर आत ठेवून डबी रात्रभर बादलीत बुडवली. सकाळी कागद कोरडा निघाला. मग बंद डबी आणि लक्स मीटर हवेत एकाच जागी ठेवून दोघांचं गुणोत्तर काढलं, कारण डबीचं झाकण थोडा उजेड खातं आणि सेन्सरला घुमटीही नसते. वरच्या टोकाला बायकोची जुनी विणकामाची सुई बांधली, म्हणजे डबी हव्या त्या चौकोनात अलगद उतरवता येते आणि हाताची सावली पडत नाही.

टाकी भरल्यावर मधला आकडा थोडासाच वाढला, २,९०० च्या आसपास. कोपरे मात्र ७०० वरून १,२०० च्या पुढे गेले. भाचीला वाटलं वायर हलली. तसं नव्हतं. तिरपा उजेड पाण्यात शिरताना उभ्या दिशेकडे वळतो. पाण्यातला कोणताही वरून आलेला किरण उभ्या रेषेपासून साधारण ४९ अंशांपेक्षा जास्त कललेला नसतो. असा किरण बाजूच्या काचेवर आदळतो, तेव्हा बहुतेक वेळा तो बाहेर पडूच शकत नाही, काचेपलीकडच्या हवेच्या सीमेवरून पूर्ण परावर्तित होऊन आत येतो. रिकाम्या टाकीत हाच उजेड काचेतून सरळ हॉलमध्ये निघून जात होता. म्हणजे पाणी भरलं की टाकीच्या भिंती आतून आरसे होतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा शाळेतला नियम उघड्यावरच्या एका बिंदूएवढ्या दिव्यासाठी खरा आहे. लांब पट्टी आणि आरशाच्या भिंती असलेल्या टाकीत उजेड त्यापेक्षा बराच सावकाश घटतो.

मागची रांग मात्र पुढच्या रांगेपेक्षा सगळीकडे कमी भरली. कारण मागच्या काचेला बाहेरून काळी फिल्म घट्ट चिकटवलेली आहे. मध्ये हवेचा थर उरलेला नाही, त्यामुळे परतायचा तो उजेड फिल्मच गिळते. पार्श्वभूमी काळीच हवी असेल, तर काळा कागद चिकटवण्यापेक्षा काचेमागे मोकळा उभा करणं चांगलं, मध्ये हवा राहते. माझ्या पुढच्या टाकीला मी तसंच करणार आहे.

वरच्या झाकणाच्या काचेने तर मला चकितच केलं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. खडकवासल्याचं पाणी मऊ, पण टँकरचं बहुधा बोअरचं असतं, बेसॉल्टातून आलेलं, जड. त्या पाण्याचे थेंब झाकणावर उडतात, वाळतात आणि पांढरा थर धरतो. पट्टीखाली झाकण नसताना १२,४०० लक्स होते. स्वच्छ काच ठेवल्यावर ११,३००. हे अपेक्षितच, काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून आठेक टक्के उजेड परततो. पण टाकीवर नेहमी असलेली, डाग धरलेली काच ठेवली, तर ८,९००. व्हिनेगरचा बोळा फिरवून, दहा मिनिटं थांबून पुसल्यावर आकडा पुन्हा अकरा हजारांच्या वर. दुसरी पट्टी विकत घेण्याआधी झाकण पुसून बघा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगतो.

पुढचा प्रश्न होता लक्सला भागायचं कशाने. माझा मावसभाऊ तळेगावजवळ एका जरबेराच्या पॉलिहाऊसवर काम पाहतो. त्यांच्याकडे पारचा मीटर आहे आणि वायरच्या टोकाचा सेन्सर पाण्यात चालणारा. मी फोन केला, तर म्हणाला, "अरे, रविवारी घेऊन येतो, त्यात काय! आम्ही शेडनेट कधी ओढायची ते याच आकड्यावरून ठरवतो." दादा आला, जेवण झालं आणि दुपारभर पडदे ओढून आम्ही सगळे टाकीभोवती. पाण्याखाली असा सेन्सर थोडा कमी दाखवतो, कारण पांढऱ्या घुमटीत शिरलेला उजेड हवेपेक्षा पाण्यात जास्त प्रमाणात परत बाहेर झिरपतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत त्यासाठीचा गुणक दिलेला असतो, तो लावून घ्यायचा.

तळाच्या मध्यभागी ४३ आला. माझे २,९०० लक्स भागिले ४३ म्हणजे ६७. इतर चौकोनांतही गुणोत्तर याच्या आगेमागेच. म्हणजे माझ्या पट्टीसाठी लक्स मीटर पुरेसा आहे, फक्त ६७ ने भागायचं. दादाला उत्सुकता वाटली म्हणून शेजारच्या इमारतीतल्या एका मित्राचा लाल-हिरव्या-निळ्या चिपांचा दिवाही आणवला. त्याचं गुणोत्तर पन्नासच्या खाली गेलं. लक्सवर विसंबलं असतं, तर तो दिवा आहे त्यापेक्षा बराच मंद वाटला असता. पांढऱ्या एलईडीचा आकडा रंगीत दिव्याला लावू नये, हे मी वाचलेलं होतं. समोर दोन्ही मीटर शेजारी ठेवून पाहिल्यावर ते मनात पक्कं बसलं.

आता नकाशा वाचता येऊ लागला. साधारणपणे असं धरतात की अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशा सावलीत वाढणाऱ्या रोपांना १५ ते ३० मायक्रोमोल पुरतात. बहुतेक दांड्याच्या रोपांना ३० ते ५०. गालिच्याची रोपं आणि लालसर रोटाला यांना त्याहून जास्त दिलं तर चालतं, पण मग कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि नियमित हवा. माझ्या कोपऱ्यांत १८ होते. मोंटे कार्लो तिथे मान का वर काढत होतं, हे उघड झालं. ओंडक्याचं टोक पाण्याच्या पातळीपासून जेमतेम १२ सेंटिमीटर खाली आहे, तिथे १२० च्या वर आकडा. सावलीत वाढणारं, महिन्याला एखाद-दुसरं पान काढणारं अनुबियास मी टाकीतल्या सर्वांत प्रखर जागी बसवलं होतं. एवढा उजेड ते वापरू शकत नाही आणि पानं इतकी दिवस टिकतात की शेवाळाला घर करायला पुरेसा वेळ मिळतो. दुसरी पट्टी आणली असती, तर कोपरे कदाचित पस्तीसला गेले असते आणि ओंडक्याचं टोक अडीचशेला.

त्याऐवजी पट्टी वर उचलली, पाण्यापासून ८ सेंटिमीटरवर होती ती २० वर. मधला आकडा ३४ वर आला, कोपरे १९ वर राहिले, ओंडक्याचं टोक ७० च्या खाली उतरलं. एकूण उजेड घटला, पण टाकीभर तो सारखा झाला. मग पट्टीचा उजेड थोडा वाढवून मधला आकडा ४० पर्यंत नेला. अनुबियास ओंडक्याच्या मागच्या सावलीत बांधलं. कोपरे क्रिप्टोकोरीनला दिले आणि गालिचा मधल्या पट्ट्यापुरताच ठेवला.

यात एक गोष्ट शिल्लक होती. डाव्या बाजूच्या काचेवर दर थंडीत हिरवे ठिपके उमटायचे, पट्टीचा त्याच्याशी संबंध दिसत नव्हता. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण तो पाहतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो आणि ऊन खिडकीतून हॉलमध्ये पसरतं. डिसेंबरातल्या एका सकाळी मीटर त्या काचेला टेकवून धरला, तर २८ हजार लक्स. सूर्यासाठी ५४ ने भागलं तर ५०० हून जास्त मायक्रोमोल. ऊन तिथे पाऊण तास राहतं. हिशोब मांडला, तर पट्टीचे ४० मायक्रोमोल आठ तास म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे १.१५ मोल, आणि त्या पाऊण तासाच्या उन्हाचे १.४. दिव्याचे तास मी काटेकोर पाळत होतो आणि खिडकी त्याच्याहून जास्त उजेड फुकट ओतत होती. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो पडदा सकाळी ओढलेला असतो. ठिपके नवे येत नाहीत, जुने ब्लेडने खरवडले.

उन्हाचा आकडा एकदा हाताशी आला की बाहेरची रोपंही वेगळ्या नजरेने दिसतात. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो होतो. तिथल्या डबक्यांत वायतुऱ्याचे तुरे आणि जांभळी मंजिरी उघड्यावर उभी असतात. ढग हटले की भर दुपारचं ऊन २,००० मायक्रोमोलच्या घरात जातं. माझ्या टाकीच्या पन्नासपट. नुसत्या उजेडाने रोपं जळत नाहीत, शेवाळ होत नाही, ती उजेडाच्या तोडीचं बाकी सगळं मिळालं नाही की अडचणीत येतात, हे तिथे गुडघ्यावर बसून पाहताना फार स्पष्ट जाणवलं.

आलेखाचा कागद कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. मधल्या चौकोनाचा आकडा महिन्यातून एकदा घेतो, उतरला की आधी झाकण पुसतो. रोटाला वर पोहोचून आडवी पसरली की तिच्याखालचा आकडा ४० वरून दहाच्या आत येतो आणि खालची पानं गळू लागतात, म्हणून छाटणीची वेळही आता मी त्या डबीला विचारूनच ठरवतो. भाचीला दिवाळीत यायचं आहे, तिला सालविनिया या तरंगत्या रोपाने पृष्ठभाग अर्धा झाकला तर नकाशा कसा बदलतो ते काढायचंय. कोरे आलेखाचे कागद तिने आधीच मागवून ठेवलेत.